विहिरीकाठची पाच हिरवी झाडं : मोसंबीच्या बागेतलं बाययुरेट

पार्श्वभूमी

गिरणाकाठचं, पाचोरा-भडगाव पट्ट्यातलं एक गाव. आजूबाजूला कपाशी, थोडी केळी, आणि मधूनमधून मोसंबीच्या बागा. त्यातली एक बाग नानांची. खरं नाव देत नाही, गावातही सगळे त्यांना नानाच म्हणतात. चारशे झाडं, सात वर्षांची, काळी जमीन, ठिबक, विहिरीचं पाणी. आंबे बहार धरलेला. डिसेंबरात पाण्याचा ताण दिला, जानेवारीत पाणी सोडलं, फेब्रुवारीत फूल चांगलं निघालं. इथपर्यंत तक्रारीला जागा नव्हती.

नानांचा धाकटा मुलगा तालुक्याच्या कॉलेजात माझ्याकडे बी.एस्सी.ला रसायनशास्त्र शिकत होता. एवढाच माझा या प्रकरणाशी संबंध. मी शेतीतज्ज्ञ नाही, शेतकऱ्याच्या घरात वाढलेला रसायनाचा मास्तर आहे. पुढे जे चुकलं त्यात माझाही वाटा आहे, तो त्या त्या जागी लिहिलाच आहे.

अडचण

मार्चमध्ये फळ वाटाण्याएवढं झालं आणि गळ सुरू झाली. त्यावर जिब्रेलिक अॅसिड या संजीवकाबरोबर एक टक्का युरियाची फवारणी आपल्याकडे सर्रास सुचवली जाते. नानांनी ती पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा घेतली. गळ थोडी कमी झाली, पण झाड ‘मरगळल्यासारखं’ वाटू लागलं. शेजारच्या कपाशीवाल्यांना दोन टक्के युरिया फवारून झाडं काळीशार होतात हा अनुभव. त्यांनी सांगितलं, नानांनी ऐकलं. एप्रिलमध्ये दोन टक्क्यांच्या तीन फवारण्या झाल्या. दोनशे लिटरच्या ड्रमात चार किलो युरिया, तोही जमिनीत टाकायला आणलेल्या त्याच निमकोटेड, म्हणजे निमतेल लावलेल्या, गोण्यांमधला.

एप्रिल संपता संपता पानांचे शेंडे पिवळे पडायला लागले. आधी टोकाला बोटाच्या नखाएवढा पिवळा ठिपका, मग तो कडेकडेने आणि शिरांच्या मधून मागे सरकत गेला. पान वाळत नव्हतं, करपत नव्हतं, गळतही नव्हतं. अर्धं पान गर्द हिरवं, पुढचं अर्धं लिंबासारखं पिवळं. लांबून बाग बघितली तर कुणी हळद उडवल्यासारखी दिसायची.

मुलाने व्हॉट्सअॅपवर तीन फोटो पाठवले. मागून नानांचा फोन: “सर, बाग कसाले पिवयी पडनी?”

पहिला निर्णय, आणि तो माझा चुकला

फोटोत शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसत होता. काळी, चुनखडीयुक्त जमीन. मी कॉलेजच्या स्टाफरूममध्ये चहा पीत बसल्या बसल्या सांगून मोकळा झालो, ‘लोहाची कमतरता दिसतेय.’ कृषी सेवा केंद्रवाल्या भाऊंनीही तेच सांगितलं. एका फोटोवर दोन माणसांचं एकमत झालं, की त्याला निदान समजण्याची आपल्याला सवय आहे.

नानांनी फेरस सल्फेट फवारलं. आणि ते पानात नीट शिरावं म्हणून, जशी रीत आहे तशी, त्यात एक टक्का युरिया टाकला. म्हणजे सहावी युरिया फवारणी माझ्या सल्ल्याने झाली. पंधरा दिवस गेले. पिवळेपणा वाढला.

लोहाची कमतरता कोवळ्या पानांवर आधी दिसते हे मला पाठ होतं. फोटोतली पानं कोवळी की जून, हे विचारायला दहा सेकंद लागले असते. विचारलं नाही. फवारण्यांची यादीही मागितली नाही.

बागेत गेल्यावर काय दिसलं

मेच्या मध्यावर, सकाळी सातला गेलो. त्या दिवसांत खान्देशात दहानंतर बागेत उभं राहण्यात अर्थ नसतो. पिवळी पानं सगळी जून होती, बहाराच्या आधी आलेली. शेंड्याची नवी पालवी थोडी होती, पण स्वच्छ होती. तिथेच लोह बाद झालं.

मग मॅग्नेशियम? त्याची कमतरताही जून पानांवरच दिसते आणि टोकाकडचा भाग पिवळा पडून देठाकडे हिरवा त्रिकोण उरतो. इथे दिसणाऱ्या पानांशी ते बरंच जुळत होतं, मी जवळजवळ तेच ठरवलं होतं. खारामुळे पान भाजलं असतं तर दोनतीन दिवसांत टोकं तपकिरी होऊन वाळली असती, तसं काही नव्हतं.

निकाल लावला तो विहिरीने. विहिरीच्या काठाला पाच झाडं आहेत. ती पूर्ण हिरवी होती. माती तीच, ठिबक तेच, जमिनीतून दिलेला युरियाही तोच. नानांना विचारलं, ही झाडं वेगळ्या वाणाची का? “नाही हो सर. तिथं ट्रॅक्टरचा फवारणीचा ब्लोअर वळतच नाही. ती पाच सुटतातच दर खेपेला.”

जमिनीतली कमतरता असती तर ती पाच झाडं वगळून आली नसती. जे काही होतं ते फवाऱ्यातून आलं होतं. तिथल्या तिथे बांधावर बसून फवारण्यांची यादी लिहून काढली. जिब्रेलिक दोनदाच होतं, बुरशीनाशक एकदा, फेरस एकदा. सहाच्या सहा वेळा होता तो फक्त युरिया. आणि युरियाबरोबर गोणीत थोडं बाययुरेटही येतं.

बाययुरेट म्हणजे काय

इथे थोडं रसायन सांगावं लागेल, आणि ते बी.एस्सी.च्या पोरांना ठाऊक असतं. कोरड्या परीक्षानळीत चिमूटभर युरिया घेऊन बर्नरवर धरा. १३३ अंशांच्या आसपास तो वितळून पाण्यासारखा पारदर्शक होतो. आणखी तापवला की बुडबुडे येतात, अमोनियाचा नाकात झोंबणारा वास सुटतो, तोंडाशी धरलेला ओला लाल लिटमस निळा होतो. थोड्या वेळाने तो द्रव गढूळ होत घट्ट व्हायला लागतो. थंड झाल्यावर नळीच्या तळाशी जो पांढरा थर उरतो त्यात बाययुरेट असतं.

युरियाचे दोन रेणू जोडले जातात आणि एक अमोनिया बाहेर पडतो. हिशेब सोपा आहे: ६० अधिक ६०, वजा १७, बरोबर १०३. हाच बाययुरेटचा रेणुभार. नावातच ‘दोन युरिया’ आहेत. उष्णता तशीच चालू ठेवली तर गाडी पुढे सायन्युरिक आम्लापर्यंत जाते. युरिया तापवून हे संयुग पहिल्यांदा अभ्यासलं ते गुस्ताव हाइनरिख वीडेमान यांनी, १८४७ च्या डॉक्टरेटच्या प्रबंधासाठी. वोलर यांनी १८२८ मध्ये प्रयोगशाळेत युरिया बनवल्याला तेव्हा वीस वर्षंही झाली नव्हती. भौतिकशास्त्रवाले वीडेमानना वेगळ्याच कारणासाठी ओळखतात, धातूंची उष्णता आणि वीज वाहण्याची क्षमता जोडणाऱ्या वीडेमान-फ्रान्झ नियमासाठी.

त्या पांढऱ्या थरात पाणी, कॉस्टिक सोडा आणि मोरचुदाच्या द्रावणाचे एकदोन थेंब घातले की सुंदर जांभळा रंग येतो. युरिया हा रंग देत नाही, बाययुरेट देतं. प्रथिनांतही तशीच जोडणी पुन्हापुन्हा असते म्हणून प्रथिनंही हा रंग देतात, आणि त्या चाचणीला बाययुरेटचं नाव पडलं. दरवर्षी तोंडी परीक्षेत निम्मी पोरं सांगतात की त्या रिएजंटमध्ये बाययुरेट असतं. नसतं.

शेतीच्या दृष्टीने दोन गुण महत्त्वाचे. एक, बाययुरेट पाण्यात फार विरघळत नाही. खोलीच्या तापमानाला शंभर मिली पाण्यात जेमतेम दोन ग्रॅम, तर युरिया शंभर ग्रॅमच्याही वर. दोन, आणि हे जास्त वाईट, पान युरिया मोडून नत्र वापरतं, पण बाययुरेट त्याला मोडता येत नाही. ते पानात महिनोन्महिने पडून राहतं आणि प्रथिनं बनवण्याच्या कामात अडथळा आणतं. लिंबूवर्गीय झाडं याला विशेष नाजूक. शेंडे पिवळे पडणं ही त्याची ओळखीची खूण, आणि एकदा पिवळं पडलेलं पान पुन्हा हिरवं होत नाही.

ते आलं कुठून

याच्यावर बांधावर चांगली अर्धा तास चर्चा झाली. नानांचा युरिया गेल्या हंगामातला, पत्र्याच्या शेडमध्ये पडलेला, खडे झालेला. शेजाऱ्याचं म्हणणं, उन्हाने तापून त्याचं बाययुरेट झालं. ऐकायला पटतं, कारण पुस्तकातही ‘युरिया तापवल्यावर’ असंच लिहिलेलं असतं. पण पत्र्याचं शेड तापून तापून साठ अंशांना जाईल. खडे झाले ते दमटपणाने. मुलाला दुसरी शंका होती. ड्रमात युरिया टाकला की पाणी इतकं थंड होतं की ड्रमाला बाहेरून घाम फुटतो, विरघळायला वेळ लागतो, म्हणून गडी एकदोन बादल्या गरम पाणी ओतायचा. त्याने झालं असेल का? तेही नाही. भरपूर पाण्यातला युरिया आणि कोरडा वितळलेला युरिया यांत फरक आहे.

बाययुरेट गोणीत येतं ते कारखान्यातूनच, आणि त्यात कुणाची लबाडी नसते. युरियाचं द्रावण आटवून जवळजवळ शुद्ध वितळलेल्या रूपात आणावं लागतं, तेव्हा कुठे उंच मनोऱ्यावरून त्याचे दाणे पाडता येतात. त्या उष्णतेत थोडं बाययुरेट तयार होतंच. म्हणून खत (नियंत्रण) आदेश, १९८५ मध्ये युरियासाठी ४६ टक्के नत्राबरोबर बाययुरेटची कमाल मर्यादाही दिली आहे, वजनाने दीड टक्का. जमिनीत टाकायला ती ठीक आहे. तिथले जिवाणू त्याचा हळूहळू फडशा पाडतात. मोसंबीच्या पानावर वारंवार फवारायचं तर मात्र पाव टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी बाययुरेटचा युरिया लागतो.

तपासणी

संशय आणि पुरावा यांत अंतर असतं, आणि ते कॉलेजच्या प्रयोगशाळेत थोडंफार कापता येण्यासारखं होतं. मुलाने उरलेल्या गोणीतून, वरचा-मधला-खालचा थर मिसळून, नमुना आणला. दहा ग्रॅम युरिया पाण्यात विरघळवला. निमतेलामुळे वर तवंग आला, द्रावण गढूळ झालं, दोनदा गाळून घ्यावं लागलं. मग अल्कलीतलं टार्ट्रेट आणि मोरचूद. नळी फिकट निळसर-जांभळी झाली. शेजारी प्रयोगशाळेतल्या शुद्ध युरियाची नळी ठेवली होती, ती नुसती निळीच राहिली. मुलगा दोन्ही नळ्या खिडकीशी धरून बराच वेळ बघत होता. प्रॅक्टिकलला हाच रंग त्याने तीन वेळा काढला होता, पण तेव्हा त्याच्यामागे बाप उभा नव्हता.

प्रमाण काढायला शुद्ध बाययुरेट हवं होतं. ते आमच्याकडे नव्हतं, म्हणून युरिया तापवून केलं आणि गरम पाण्यातून दोनदा स्फटिक काढले. गार पाण्यात ते कमी विरघळतं याचा इथे फायदा होतो. कलरीमीटरवर हिरव्या फिल्टरने, ५४० नॅनोमीटरच्या आसपास, वाचन घेतलं. आकडा आला १.१ टक्का. आमचं घरगुती बाययुरेट शंभर टक्के शुद्ध नव्हतं, त्यामुळे दशांशावर मी भांडणार नाही. पण तो पाव टक्क्याच्या कितीतरी वर आणि दीड टक्क्याच्या आत होता, एवढं पुरे होतं.

मग हिशेब मांडला. एका खेपेला बागेला दहा ड्रम लागतात. एक टक्क्याच्या तीन फवारण्यांत मिळून ६० किलो युरिया, दोन टक्क्यांच्या तिन्हींत १२० किलो. एकूण १८० किलोचे १.१ टक्के म्हणजे सुमारे दोन किलो बाययुरेट. झाडामागे पाच ग्रॅम. सगळं काही पानात शिरलं नसेल, पण जे शिरलं ते निघून गेलं नव्हतं, प्रत्येक खेपेला साचत गेलं.

कोणते पर्याय होते

दुकानदाराविरुद्ध तक्रार करायची, ही नानांची पहिली इच्छा. मी अडवलं. माल नियमात बसत होता. शिवाय आमचा नमुना फोडलेल्या, वर्षभर पडून असलेल्या गोणीतला. गुणनियंत्रण निरीक्षकाने रीतसर घेतलेल्या नमुन्यापुढे त्याला काही किंमत नसते. आणि त्या दुकानदाराने तो युरिया फवारायला म्हणून दिलाच नव्हता.

छाटणी करून पिवळी पानं काढून टाकायची, हा शेजाऱ्यांचा सल्ला. दिसायला बाग स्वच्छ झाली असती. पण मेच्या उन्हात, झाडावर लिंबाएवढं फळ असताना पानांची सावली काढून घेणं म्हणजे फळ भाजून घेणं. आणि अर्धं हिरवं असलेलं पान अर्धं तरी काम करत होतं.

आणखी काहीतरी फवारायचं, मॅग्नेशियम, झिंक, टॉनिक, असा आग्रह दुकानातून होता. कृषी विज्ञान केंद्रातल्या तज्ज्ञांना मुलगा पानं घेऊन भेटला. त्यांनी बाययुरेटच्या निदानाला मान डोलावली आणि पिवळ्या पानांसाठी काहीच करू नका असं स्पष्ट सांगितलं. काहीच न करण्याचा सल्ला पचायला सगळ्यात जड असतो. ‘तिकडे फी घेतली असती तर पटला असता,’ असं मुलगा नंतर म्हणाला.

काय केलं

पानावरचा युरिया पूर्ण बंद केला. नत्र फक्त ठिबकमधून, थोडं थोडं. जूनमध्ये फळ फुगवणीला फवारणी लागली तेव्हा पोटॅशियम नायट्रेट, म्हणजे बाजारातलं १३:०:४५, वापरलं. त्यात युरिया नसतो. नाना १९:१९:१९ घेऊन आले होते, ते परत करायला लावलं. विद्राव्य खत म्हटलं की युरिया नाही असा समज आहे, पण त्याच्यातल्या नत्राचा निम्म्याहून जास्त भाग युरियाच्याच रूपात असतो.

पाण्याचा ताण पडू दिला नाही, आळ्यात उसाच्या पाचटाचं आच्छादन केलं. बस, एवढंच.

मधेच एक प्रश्न आला, जो मला सुचला नव्हता. नानांच्या घरच्या काकूंनी विचारलं, बागेतला गळलेला पाला बकऱ्या खातात, त्यांना काही होईल का? गंमत अशी की रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटातले जिवाणू बाययुरेट मोडू शकतात. काही ठिकाणी ते पशुखाद्यात नत्रासाठी मुद्दाम घालतात, कारण युरियासारखा त्यातून अमोनिया एकदम सुटत नाही. मोसंबीला जे झेपत नाही ते बकरीला झेपतं. तरीही बकऱ्या बागेबाहेरच ठेवायला सांगितल्या, बुरशीनाशकाच्या फवारणीमुळे.

परिणाम

पिवळी पानं शेवटपर्यंत पिवळीच राहिली. पावसाळ्यात वय झाल्यावर एकेक गळाली. जूनच्या पावसानंतर आलेली पालवी मात्र निखळ हिरवी होती, ऑगस्टमध्ये तिने बाग झाकली. तोवर नानांचा रोजचा प्रश्न एकच: “आते काय करू?” आणि माझं रोजचं उत्तर, काही नाही.

नुकसान झालं, नाही असं नाही. नानांनी बाग उक्ती दिली, म्हणजे झाडावरच्या मालाचा एकदम सौदा केला. व्यापारी जुलैत बघायला आला तेव्हा पिवळा पाला अजून झाडावर होता. त्याने तेच बोट धरून भाव पाडला, आणि नानांनाही घाई होती. फळ आकाराने किती मार खाल्लं हे सांगता येत नाही, कारण आम्ही मोजलं नाही. विहिरीकाठच्या पाच झाडांची फळं वेगळी तोडून वजन करता आली असती. तोडणीच्या दिवशी मी परीक्षेच्या सुपरव्हिजनला होतो, मुलगा पेपरला, आणि सगळा माल एकाच गाडीत भरला गेला. या प्रकरणातली ही चूक मला सगळ्यात जास्त डाचते. निसर्गाने फुकट मांडून दिलेला प्रयोग आम्ही शेवटच्या पायरीवर सोडला.

पुन्हा वेळ आली तर

फोटोवर उत्तर देणार नाही. पान कोवळं की जून, फवारा किती वेळा आणि कशाचा, बागेत एखादं झाड सुटलंय का, हे तीन प्रश्न आधी.

दोन टक्क्यांचा निर्णय एप्रिलमध्येच थांबवता आला असता. कपाशीचं पान आणि मोसंबीचं पान यांत फरक आहे. कपाशी हंगामात संपते, मोसंबीचं पान त्याहून कितीतरी जास्त काळ झाडावर राहतं आणि त्यात जे साचलं ते साचलंच. पहिल्या दोन फवारण्यांवर थांबले असते तर कदाचित शेंड्याचा ठिपका नखाएवढाच राहिला असता. फळगळीसाठी युरिया हवाच असेल तर कमी बाययुरेटचा मागावा, नाही मिळाला तर नत्र जमिनीतून द्यावं आणि जिब्रेलिक एकटं फवारावं.

नवी कुठलीही फवारणी आधी दोन झाडांवर करून बघायची, असं नानांनी यंदा ठरवलंय. माझी त्यात एक भर आहे. बाययुरेटचा पिवळेपणा आठ दिवसांत दिसत नाही, काही आठवडे लागतात. म्हणजे दोन झाडांचा प्रयोग बहाराच्या आधीच्या पालवीवर, नोव्हेंबरातच करावा लागेल. ताण देण्याच्या तोंडावर युरिया फवारणं नानांना पटत नाही, आणि त्यांचं म्हणणं चूक आहे असंही मला म्हणता येत नाही. यावर अजून आमचं ठरलेलं नाही. विहिरीकाठी ब्लोअर वळावा म्हणून बांध फोडायचं चाललं होतं, तेवढं मात्र मी थांबवलंय.